लंडनचे कॉल घ्यावेत की दुबईत फोनसेवा विकावी?

माझ्या भाच्याची आणि त्याच्या मित्राची इंदूरला सोळा माणसांची कंपनी आहे. सध्या त्यांच्यासमोर दोन कामं आहेत. लंडनच्या एका दुकानसाखळीला तिच्या गिऱ्हाइकांचे फोन इथून घेणारं कोणीतरी हवंय. दुसरं काम म्हणजे दुबईतल्या छोट्या व्यापाऱ्यांना इंटरनेटवरून चालणारी स्वस्त फोनसेवा विकायची. पैसा एकाच कामापुरता आहे. "मामा, दुबईशी आपला करार झालाय, मग तिकडेच जावं ना?" असं त्यानं विचारलं. अशा कंपन्यांचे परवान्याचे कागद मी बरीच वर्षं पाहतोय आणि हाच प्रश्न इथल्या इतर पोरांनीही विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करार झालाय हे खरं. संयुक्त अरब अमिरातींशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे आणि त्यात टेलिकॉमचं वेगळं परिशिष्टही आहे. ब्रिटनशी झालेल्या करारावर २४ जुलै २०२५ला सह्या झाल्या. पण नुसतं करारांकडे बघून निर्णय घेतला तर चूक होईल. लंडनच्या कामात तुम्ही टेलिकॉम वापरता, दुबईच्या कामात टेलिकॉम विकता. या दोघांसाठी नियम वेगळे आहेत.

आधी वापरणाऱ्याचं बघू. जागतिक व्यापार संघटनेचा सेवांविषयीचा करार, म्हणजे गॅट्स, १९९५ पासून लागू आहे. त्याचं टेलिकॉम परिशिष्ट याच माणसासाठी आहे. ज्या सेवेला बाजार खुला करायचं वचन एखाद्या देशानं दिलंय, ती पुरवणाऱ्या परदेशी कंपनीला तिथलं सार्वजनिक नेटवर्क आणि भाड्याच्या लाइनी वाजवी अटींवर, भेदभाव न करता मिळाल्या पाहिजेत. माहिती सीमेपार नेण्याची मुभाही त्यात आहे. मात्र खासगी माहितीच्या रक्षणासाठी देश अटी घालू शकतो, आणि लंडनच्या कामातली खरी कसोटी तीच आहे. गिऱ्हाइकांचे तपशील भारतात आणायचे तर ब्रिटिश माहिती-संरक्षण कायद्याप्रमाणे कागद करावे लागतात; २०२२ पासून त्यासाठी ठरावीक मसुद्याचा हस्तांतरण करारनामा उपलब्ध आहे. व्यापार करार झाला म्हणून ही अट सुटत नाही. कागद किचकट आहे, पण वकिलाकडून होण्यासारखा आहे.

आपल्या बाजूनं तर वाट बरीच मोकळी झालीय. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्यानं कॉल सेंटरची नोंदणीच काढून टाकली. जून २०२१ मध्ये देशी आणि आंतरराष्ट्रीय केंद्र हा भेद गेला आणि कॉल फिरवणारं ईपीएबीएक्स जगात कुठेही ठेवायला परवानगी मिळाली. सुपर कॉरिडॉरवर, म्हणजे इंदूरच्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात, जागा घ्यायची ऐपत नसली तरी महू-देवासच्या घरांतून माणसं काम करू शकतात. पूर्वी या परवानग्यांपायी लहान कंपन्यांचे महिनेच्या महिने जायचे, ते मी जवळून पाहिलंय.

आता विकणाऱ्याचं. त्याचे नियम १५ फेब्रुवारी १९९७ला ठरले. ६९ सरकारांनी मूलभूत टेलिकॉम सेवांची वचनं दिली आणि ५ फेब्रुवारी १९९८ला ती लागू झाली. सोबत 'संदर्भपत्र' नावाचा छोटा मजकूर आहे: बड्या कंपनीनं इतरांना खर्चाला धरून जोडणी द्यावी, परवान्याचे निकष जाहीर असावेत, नियामक कोणत्याही कंपनीपासून स्वतंत्र असावा. भारतानं हा मजकूर काही बदल करून स्वीकारला.

पण परवान्यापुढे ही वचनं तुमच्या हातात काही देत नाहीत. अमिरातींत इंटरनेटवरून फोनसेवा द्यायचा अधिकार परवानाधारक कंपन्यांनाच आहे, म्हणजे मुख्यतः एतिसालात आणि डू. व्हॉट्सॲपचे कॉल तिथे बंद असतात ते यामुळेच. ब्रिटनमध्ये मात्र जुलै २००३ पासून फोनसेवेला वेगळा परवानाच लागत नाही; तिथला नियामक ऑफकॉमच्या सर्वसाधारण अटी पाळायच्या. म्हणजे फोनसेवाच विकायची असेल तरी करार आधी लागू झालेल्या दुबईपेक्षा लंडनच सोपं पडतं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

करार मोडला तर दाद कुठे मागायची? जागतिक व्यापार संघटनेत फक्त सरकार जातं, कंपनी नाही. मेक्सिकोचं उदाहरण घ्या. तिथे परदेशातून येणारा कॉल उतरवण्याचे, म्हणजे तो स्थानिक नेटवर्कवरून गिऱ्हाइकाच्या फोनपर्यंत पोचवण्याचे, दर टेलमेक्स ही तिथली बडी फोन कंपनी ठरवायची. ते खर्चापेक्षा फार चढे आहेत म्हणून अमेरिकेनं २००० मध्ये तक्रार केली. निकाल २००४ मध्ये अमेरिकेच्या बाजूनं लागला. चार वर्षं, आणि तीही अमेरिकेसारख्या तक्रारदाराला. शिवाय डिसेंबर २०१९ पासून तिथलं अपील मंडळ ठप्प आहे. सोळा माणसांच्या कंपनीनं या दरवाजावर हिशेब मांडू नये.

उलटही होतं: देश वचनापेक्षा जास्त उघडतात. आंतरराष्ट्रीय कॉल स्पर्धेला खुले करण्याचा विचार २००४ मध्ये करू, असं भारतानं म्हटलं होतं. प्रत्यक्षात या कॉलवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी १ एप्रिल २००२लाच संपली. टेलिकॉम कंपन्यांत परकी भांडवल २५ टक्क्यांपर्यंत घेऊ असं वचन होतं, आज १०० टक्के चालतं. म्हणून करारासोबत आजचा स्थानिक कायदाही वाचायलाच हवा.

दुबईच्या कामात आणखी एक धोका आहे, तो मी भाच्याला दोनदा सांगितला. तिथले व्यापारी बहुतेक कॉल भारतातच करणार. परदेशातून येणाऱ्या कॉलवर इथे मिनिटाला ३५ ते ६५ पैसे उतरवणी शुल्क ठरलंय, देशातल्या कॉलवर २०२१ पासून शून्य. हा फरक खायला सिमबॉक्सवाले, म्हणजे एका यंत्रात ढीगभर देशी सिमकार्डं लावून बसणारे, परदेशी कॉल देशी दाखवून उतरवतात. तो गुन्हा आहे, पोलीस येतात. फार स्वस्त दरात 'भारतातली बाजू आम्ही सांभाळतो' म्हणणारा भेटला तर त्याचा परवाना बघितल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नये.

माझं मत लंडनच्या बाजूनं आहे: आधी कॉल घ्या, पुढे जमलं तर फोनसेवाही तिथेच विका. दुबई सोडवतच नसेल तर तिथल्या परवानाधारक कंपनीचे पुनर्विक्रेते म्हणून जा. त्यासाठी विचारायचे दोन प्रश्न भाच्याला लिहून दिलेत: बिलावर नाव कोणाचं असेल, आणि भारतात कॉल कोणत्या परवानाधारकाकडून उतरेल? उत्तरं लेखी आली की तो ती घेऊन रविवारी येणार आहे.