बाहेरून मागवलेला छोटा फोन आणि ४जी कॉलिंगची लढाई: ९ महिन्यांच्या वापरानंतर

फोन घेऊन ९ महिने झाले. मुद्दाम एवढी थांबले, कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर "डोळे झाकून घ्या" म्हणाले असते आणि चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर "चुकूनही घेऊ नका" म्हणाले असते, आणि दोन्ही वेळा वाचणाऱ्याचं नुकसानच झालं असतं.

आधी फोनबद्दल पटकन. मुठीत मावतो, स्क्रीन ३ इंची. माझं उजवं मनगट जुनं दुखणं घेऊन बसलंय, मोठा फोन दहा मिनिटं धरला की अंगठ्यापासून कोपरापर्यंत ठणका लागतो, म्हणून मला एवढाच फोन हवा होता आणि इथं विकणाऱ्या कुठल्याच कंपनीकडे तो नव्हता. बॅटरी दिवसभर पुरते, कॅमेरा कागदपत्रांचे फोटो काढण्यापुरता बरा, स्पीकरचा आवाज बारीक. हाताला आराम पडला, हे मात्र शंभर टक्के खरं. फोन कंपनीचं किंवा नेटवर्क कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण जे माझ्याबाबतीत झालं ते परदेशातून फोन मागवणाऱ्या कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

घेण्याआधी मी बँड (नेटवर्क ज्या रेडिओ लहरींवर चालतं त्यांचे पट्टे) तपासले होते. हे सगळेच सांगतात आणि बरोबरच सांगतात. एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे मॉडेल नंबर असतात, बॉक्स सारखाच दिसतो पण आतले बँड वेगळे, त्यामुळे नावावर जाऊ नका, मॉडेल नंबरवर जा. आणि आपल्या नेटवर्कचा कमी फ्रिक्वेन्सीचा बँड, म्हणजे ७००, ८०० किंवा ८५० मेगाहर्ट्झवाला, फोनमध्ये आहे ना हे आधी बघा, कारण भिंतीतून आत आणि लांबवर तोच पोचतो, तो नसला तर गच्चीवर फुल रेंज आणि आतल्या खोलीत शून्य. माझे सगळे बँड जुळत होते, म्हणून मी निर्धास्त होते.

सिम टाकलं, नेट लगेच चालू झालं, मेसेज आले, कॉलही लागला. फक्त एक गोष्ट डोळ्यांत आली, कॉलचं बटण दाबलं की वरचं ४जी गायब होऊन जुन्या नेटवर्कचं चिन्ह यायचं, सहा-सात सेकंद कानात काहीच नाही, मग रिंग, आणि कॉल चालू असेपर्यंत नेट एकदम मंद. मी दुर्लक्ष केलं, कॉल लागतोय ना, बास. ती चूक महागात पडली, कारण फोन परत करण्याची मुदत तेवढ्यात संपली.

तेव्हा मला माहीत नव्हतं की ४जी नेटवर्क मुळात फक्त डेटासाठी बनलंय. जुन्या २जी-३जीमध्ये कॉलसाठी वेगळा रस्ता होता, ४जीमध्ये तो नाहीच. त्यामुळे एकतर फोनने कॉलपुरतं जुन्या नेटवर्कवर उतरायचं (माझा तेच करत होता) नाहीतर आवाजसुद्धा डेटा म्हणून पाठवायचा, ज्याला व्होल्टे म्हणतात. व्होल्टेसाठी फोन नेटच्या कनेक्शनखेरीज आयएमएस नावाचं एक वेगळं कनेक्शन उघडतो, तिथे सिमची ओळख दाखवून स्वतःची नोंदणी करतो, आणि कॉल लागला की नेटवर्क त्या आवाजासाठी वेगळी राखीव वाट देतं म्हणून गर्दीतही आवाज तुटत नाही. म्हणजे हा प्रश्न बँडचा नाही, सॉफ्टवेअरचा आहे. फोनमध्ये प्रत्येक नेटवर्क कंपनीसाठी सेटिंगची फाइल असावी लागते, सिमच्या नंबरातल्या देशाच्या आणि कंपनीच्या कोडवरून फोन ती निवडतो, आणि फाइल नसली की बरेच फोन व्होल्टे सरळ बंद ठेवतात. तुमचा मोडेम, म्हणजे फोनमधला नेटवर्कशी बोलणारा भाग, कितीही चांगला असू दे.

हे झालं फोनच्या बाजूचं कुलूप. दुसरं कुलूप नेटवर्कच्या बाजूला असतं. आयएमईआयचे, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतःच्या ओळख नंबराचे, १५ आकडे असतात, त्यातले पहिले ८ म्हणजे टॅक, म्हणजे हा फोन कुठल्या मॉडेलचा ते सांगणारा कोड. काही नेटवर्क कंपन्या तो कोड आपल्या यादीशी ताडून बघतात, यादीत असाल तर व्होल्टे, नसाल तर नाही. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं त्याआधी चालणाऱ्या फोनची यादीच काढली होती, आणि तांत्रिकदृष्ट्या ४जी कॉल करू शकणारे कितीतरी बाहेरचे फोन यादीत नाहीत म्हणून अडकले.

चौथ्या महिन्यात माझ्या नेटवर्क कंपनीने आमच्या भागातलं जुनं नेटवर्क बंद केलं. मेसेज आला होता पण "आपला फोन ४जी असल्यास काळजी नको" असं लिहिलेलं, आणि माझा ४जीच होता की. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई माझ्या दारात. दुपारपासून अकरा वेळा फोन लावला म्हणाली, प्रत्येक वेळी कव्हरेज क्षेत्राबाहेर. मी फोन हातात घेऊन बघतेय, चारही कांड्या, ४जी, नेट पळतंय, तिचे मेसेजसुद्धा आलेले, आणि एकही मिस्ड कॉल नाही. तिच्यासमोरच मी तिला कॉल लावला. स्क्रीनवर रेंज गेली, दहा सेकंद फोन काहीतरी शोधत राहिला, कॉल कट, रेंज परत आली. आईचा चेहरा मला अजून आठवतो, तिला वाटलं होतं मला काहीतरी झालंय.

त्यानंतर कस्टमर केअर. पहिले तीन कॉल (शेजारणीच्या फोनवरून) तेच तेच, फोन रिस्टार्ट करा, नेटवर्क सेटिंग रिसेट करा, सिम बदलून घ्या. सिम बदललं. काही फरक नाही. मेसेज येतात म्हटल्यावर "म्हणजे नेटवर्क ठीक आहे, फोनच खराब" असं उत्तर मिळालं, पण मेसेज येण्यासाठी आयएमएसची नोंदणी असावीच लागते असं नाही, तो दुसऱ्या वाटेनेही येऊ शकतो, त्यामुळे मेसेज येणं हा कॉल चालण्याचा पुरावा होत नाही. तक्रार दोनदा मला न विचारता "निराकरण झाले" म्हणून बंद केली. फोन कंपनीला मेल केला तर त्यांनी सांगितलं नेटवर्क कंपनीला विचारा. नेटवर्क कंपनी म्हणाली फोन कंपनीला विचारा. राग येण्यापेक्षा मला थकवा जास्त आला, पण फोन बदलून परत ते मनगटाचं दुखणं ओढवून घ्यायची तयारी नव्हती.

मग मी शांत बसून नेमकं कुठलं कुलूप लागलंय ते शोधायचं ठरवलं. एवढं एक काम सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात करायला हवं. माझं सिम भावाच्या फोनमध्ये टाकलं, व्होल्टे चाललं, म्हणजे सिम आणि प्लॅन ठीक. दुसऱ्या कंपनीचं सिम माझ्या फोनमध्ये टाकलं, व्होल्टे चाललं, म्हणजे मोडेमला कॉल करता येतो. दोन्ही वेगवेगळे चालतात, एकत्र आले की अडतात. मग डायलरवर स्टार हॅश स्टार हॅश ४६३६ हॅश स्टार हॅश स्टार दाबलं की अँड्रॉइडचा चाचणीचा मेनू उघडतो (काही फोनवर लपवलेला असतो), त्यात फोनची माहिती, मग वर तीन ठिपके, तिथे आयएमएस सर्व्हिस स्टेटस. माझ्या सिमवर तिथे "नॉट रजिस्टर्ड", दुसऱ्या सिमवर "रजिस्टर्ड". दोन्हीचे फोटो काढले, भावाच्या फोनने.

मग एकच पत्र तयार केलं, छोटं. त्यात आयएमईआयचे पहिले ८ आकडे, फोनचा मॉडेल नंबर, बिल्ड नंबर (फोनमध्ये सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती आहे तो), मोडेमचं व्हर्जन, दोन सिमच्या चाचणीचं तीन ओळींचं कोष्टक आणि ते दोन फोटो. आईचे अकरा कॉल, माझा मनस्ताप, त्यातलं काहीच लिहिलं नाही, फक्त दोन प्रश्न. माझ्या नंबरवर व्होल्टे चालू केलेलं आहे का? आणि माझ्या फोनचा टॅक तुमच्या बाजूने अडवलेला आहे का? हो किंवा नाही सांगा. हे कस्टमर केअरला न देता तक्रारीच्या वरच्या पायरीवर, अपिलात टाकलं. नऊ दिवसांनी एका माणसाचा फोन आला, (भावाच्या नंबरवर), त्याला आयएमएस म्हणजे काय ते माहीत होतं, त्याच्याशी बोलताना अक्षरशः हायसं वाटलं. त्याने तपासून ईमेलवर लिहून दिलं, व्होल्टे चालू आहे, टॅक अडवलेला नाही, आमच्याकडे तुमच्या फोनकडून नोंदणीची विनंतीच येत नाहीये.

या शेवटच्या वाक्याने सगळं फिरलं. विनंतीच येत नाही म्हणजे कुलूप फोनमध्ये आहे. तो मेल जसाच्या तसा फोन कंपनीला पाठवला, आणि ज्या सपोर्टवाल्यांनी दोन महिने ठराविक उत्तरं दिली होती त्यांनी चार दिवसांत लॉग (फोन आत काय करतो त्याची नोंद) मागवला. तीन आठवड्यांनी चाचणीचं बिल्ड आलं, त्यात माझ्या नेटवर्कसाठी सेटिंग भरलेली. टाकलं, फोन चालू झाला, मेनू उघडला. रजिस्टर्ड. आईला कॉल लावला, दोन सेकंदांत रिंग, वर ४जी तसंच, आणि आवाज इतका स्वच्छ की तिच्या मागे चालू असलेल्या पंख्याची घरघर ऐकू आली. (जुन्या कॉलमध्ये साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो, यात ७००० पर्यंत, म्हणून तो फरक जाणवतो.) मी तिच्याशी उगाचच अर्धा तास बोलले.

मधल्या काळात रूट करून (म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरचा पूर्ण ताबा घेऊन) स्वतःच मोडेमची फाइल बदलायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी केलं नाही. मोडेमच्या भागात गडबड झाली तर आयएमईआयच उडू शकतो, शिवाय रूट केलं की बँकेची ॲप रुसतात. गूगलच्या पिक्सेल फोनवाल्यांची गोष्ट निराळी, जिथे पिक्सेल अधिकृतपणे विकला जात नाही तिथे बहुधा व्होल्टे बंद असतं आणि पिक्सेल आयएमएस नावाचं ओपन सोर्स ॲप रूट न करता ती सेटिंग चालू करण्यासाठीच बनलंय. त्यावरून कळतं की कित्येकदा अडथळा केवढासा असतो, फोनला येतं सगळं, कुणीतरी फक्त "हो" भरलेलं नसतं.

एका बाबतीत मात्र मी नेटवर्क कंपन्यांच्या बाजूने आहे, आपत्कालीन कॉल. ऑस्ट्रेलियात २०२४ साली ३जी बंद करताना लक्षात आलं की काही फोन साधे कॉल ४जीवर करतात पण ०००, म्हणजे तिथला आपत्कालीन नंबर लावला की ३जीच शोधतात. म्हणून नियमच झाला की असे फोन नेटवर्कवर चालू द्यायचे नाहीत, आणि त्यात बाहेरून आणलेले फोनही गेले. लोक चिडले, पण संकटात कॉल न लागणारा फोन खिशात असणं जास्त वाईट. मला नेटवर्क कंपनीने अडवण्याबद्दल तक्रार नाही. अडवायचं असेल तर आधी सांगा, टॅक टाकून तपासता येईल असं पान ठेवा, आणि "तुमचा फोन ४जी असल्यास काळजी नको" असली वाक्यं पाठवू नका, कारण ती चुकीची आहेत आणि त्यावर विसंबून राहणाऱ्या माणसाचा फोन एका रात्रीत मुका होतो.

आजची स्थिती. घरातले, बाहेरचे कॉल व्यवस्थित. वायफाय कॉलिंग अजून नाही, फोन कंपनी म्हणते त्यासाठी वेगळी सेटिंग लागते आणि त्याचा पाठपुरावा चालू आहे. दुसऱ्या देशात रोमिंगवर गेले तेव्हा व्होल्टे मिळालं नाही, जुन्या नेटवर्कवर कॉल झाले, तिथे ते अजून चालू होतं म्हणून. आपत्कालीन कॉल ४जीवरून जातो का हे मी स्वतः लावून बघितलेलं नाही, तो नंबर चाचणीसाठी लावू नये, त्यामुळे फोन कंपनीकडून लेखी मागितलं आणि त्यांनी चाचणी केल्याचं लिहून दिलं. तरी आईकडे जाताना जुना बटणांचा ४जी फोन दुसरं सिम घालून पर्समध्ये ठेवते.

सातव्या महिन्यात एक मोठा अपडेट आला आणि व्होल्टे परत गेलं, त्यांच्या नेहमीच्या बिल्डमध्ये माझ्या नेटवर्कची सेटिंग घालायची राहून गेली होती. या वेळी जुना मेल आणि नवा फोटो पाठवला, दोन आठवड्यांत दुरुस्त. काल रात्री परत अपडेटची सूचना आली आहे, टाकलेला नाही. आधी मेनू उघडून "रजिस्टर्ड"चा आणि बिल्ड नंबरचा फोटो काढून ठेवलाय, रविवारी भाऊ घरी असेल तेव्हा टाकेन.