किलवर एक्का की चौकट एक्का?

जॉर्ज द ला तूर (1593–1652) या चित्रकाराने पत्त्यांतल्या लबाडीचं एकच दृश्य दोनदा रंगवलं. फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयातला ठक पाठीमागून किलवर एक्का काढतो, पॅरिसच्या लूव्रमधला चौकट एक्का. किंबेलचं चित्र बहुधा आधीचं, रंगांनीही उजळ. तरी एकच निवडायचं तर लूव्रचं. ठकाचा चेहरा सावलीत, उजेड मात्र पाठीवर आणि लपवलेल्या पत्त्यांवर. म्हणजे लबाडी आपल्यालाच आधी दिसते! मग मधल्या बाईचे कोपऱ्यात सरकलेले डोळे पाहा, तिचं बोट, वाइनचा पेला घेऊन उभी असलेली दासी. तिघांचं संगनमत. उजवीकडचा भरजरी पोशाखातला पोरगा मात्र स्वतःच्या पत्त्यांत गुंग, पुढ्यात नाणी.