रेडिओ की पॉडकास्ट?

निवडीचं स्वातंत्र्य पाहिलं तर पॉडकास्ट सरळ पुढे आहे. हवा तो विषय, हवी ती वेळ. रेडिओवरचा कार्यक्रम चुकला की चुकला. पण चक्रीवादळात मोबाइलचे टॉवर बंद पडतात, तेव्हा दोन सेलवरचा ट्रान्झिस्टर बोलत राहतो. मीडियम वेव्ह केंद्राचा आवाज रात्री शेकडो किलोमीटर जातो, आणि ऐकणारे हजार असोत की लाख, प्रक्षेपणाचा खर्च तोच. पॉडकास्टला प्रत्येक श्रोत्यामागे डेटा लागतो.

नुसती गाणी वाजवणारा एफएम हरेल, असं मला वाटतं. बाजारभाव, हवामान सांगणारं स्थानिक केंद्र टिकेल. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, पण रेडिओ डिजिटल करून चालू ठेवला. १९५७ची विविध भारतीही आता अ‍ॅपवर ऐकू येते.