बफेलो विमानतळावरची भाड्याची गाडी : पीस ब्रिजवरून घरी

आबांच्या आजारपणात सांगलीत पाच महिने गेले आणि तेवढ्यात माझं कॅनडाचं पीआर कार्ड (कायम रहिवासाचं ओळखपत्र) संपलं. त्याशिवाय टोरांटोच्या विमानात बसू देत नाहीत. प्रवासाचा वेगळा कागद मागवून वाट बघायला सवड नव्हती, नोकरीवर हजर व्हायचं होतं. खासगी गाडीने, अगदी भाड्याच्याही, सीमा ओलांडताना मात्र मुदत संपलेलं कार्ड आणि स्थायिक झाल्याचा मूळ कागद चालतो. बस-टॅक्सीला ही सवलत नाही. अमेरिकेचा व्हिसा होता, म्हणून सीमेलगतचं अमेरिकेतलं बफेलो गाठलं.

विमानतळावरच्या या गाड्यांच्या काउंटरला पाच तारे मनापासून देतोय. आधी दोन ठिकाणी ‘कॅनडात गाडी सोडता येणार नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. इथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि ओंटारिओची नंबरप्लेट असलेली, तिकडे परत जायचीच असलेली गाडी शोधून दिली. विम्याचा कागद कुठल्या कप्प्यात आहे तेही उघडून दाखवलं. एकेरी भाडं जड गेलं, वायपर करकरत होते.

सीमेवरच्या पीस ब्रिज या पुलापलीकडे कॅनडाच्या अधिकाऱ्याने पाच वर्षांतले कॅनडात राहण्याचे ७३० दिवस भरलेत का विचारलं. मी पगाराच्या स्लिपा, कराचे कागद पुढे केले. दहा मिनिटांत सोडलं. फोर्ट एरीत टिम हॉर्टन्सच्या एका कॉफीच्या दुकानापाशी गाडी लावून आईला फोन केला. सांगलीत पहाटेचे चार वाजले होते, ती जागीच होती.