पूलचा क्यू घेताना माझे २४ हजार गेले, नवीन खेळणाऱ्यांनी प्लीज वाचा

मी पुण्यात राहतो, आणि ही गोष्ट झाली तेव्हा मला पूल, म्हणजे टेबलवर स्टिकने बॉल मारून टेबलच्या खिशांत पाडायचा खेळ, खेळायला लागून जेमतेम सात महिने झाले होते. ऑफिस सुटलं की आम्ही चार-पाच जण आठवड्यातून दोन-तीनदा पार्लरला जायचो आणि तिथल्याच स्टँडवरच्या स्टिकने खेळायचो. त्या स्टिकची अवस्था खेळणाऱ्यांना माहीतच आहे, एकीची टिप, म्हणजे बॉलला लागणारं टोक, दगडासारखी कडक झालेली, दुसरीची अर्धी उडालेली, तिसरी धनुष्यासारखी वाकलेली, म्हणजे बरी स्टिक हाताला लागली तर त्या दिवशी खेळ बरा, नाहीतर पांढरा बॉल कुठे जाईल काही नेम नाही. स्वतःचा क्यू, म्हणजे स्वतःची स्टिक, हवी हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात काही चूक होतं असं मला आजही वाटत नाही.

तिथे एक जण यायचा, चाळिशीचा असेल, सगळे त्याला दादा म्हणायचे. खेळायचा खरंच सुंदर. मला उभं कसं राहायचं, डाव्या हाताचा ब्रिज, म्हणजे स्टिकला पुढून दिलेला हाताचा आधार, कसा घट्ट ठेवायचा, हे सगळं त्याने न मागता शिकवलं, एक रुपया घेतला नाही. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे वर्ल्ड चॅम्पियन झाले, पंकज अडवाणीचाही जन्म पुण्याचाच, हे सगळं तो इतक्या आपुलकीने सांगायचा की ऐकतच राहावं. आणि हे सगळं खरं आहे, मी नंतर तपासलं. हे मुद्दाम लिहितोय कारण मी तिथेच फसलो, खेळाबद्दल हा माणूस खोटं बोलत नाही म्हणजे क्यूबद्दल पण बोलणार नाही असं मी धरून चाललो.

तर सलग दोन रविवार त्याने मला स्वतःचा क्यू खेळायला दिला. एका मोठ्या अमेरिकन कंपनीचा, लो डिफ्लेक्शन शाफ्टवाला, शाफ्ट म्हणजे क्यूचा पुढचा बारीक भाग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपण पांढऱ्या बॉलला साईड देऊन, म्हणजे मध्यावर न मारता डावीकडे-उजवीकडे, मारतो तेव्हा तो सरळ न जाता थोडा उलट्या बाजूला सरकून निघतो, शाफ्टचं टिपेकडचं टोक वजनाला हलकं केलं की हे सरकणं कमी होतं. मला त्यातला फरक कळण्याएवढा खेळ येत नव्हता खरं तर, पण क्यू हातात इतका गुळगुळीत चालत होता की मी पार वेडा झालो. मग दादा म्हणाला, "माझ्या मित्राने अमेरिकेहून दोन आणले होते, एक तसाच पडलाय, सीलपॅक, इथे घेशील तर सत्तर हजाराला पडेल, तू घरचा आहेस, तुला चोवीसमध्ये देतो." दुसरा एक जण मागतोय, शुक्रवारपर्यंत सांग, हे पण होतंच. मी १० हजार कॅश दिले आणि १४ हजार यूपीआयने, आणि तेही त्याच्या नंबरवर नाही, "भावाच्या" नंबरवर. बिल मागितलं तर म्हणाला अमेरिकेहून बॅगेत आलेल्या वस्तूचं बिल कुठून आणू. मला ते पटलं पण!

म्हणजे खेळून बघितला एक क्यू आणि घरी आणला दुसराच. सगळी फसवणूक एवढीच आहे. नवीन माल आहे, प्लास्टिक फोडलं तर नवेपणा जाईल म्हणून तिथे टेबलवर खेळूनही बघितला नाही, लोगो बघितला, चकाकणारा हॉलोग्राम बघितला आणि खुश होऊन बॅग खांद्याला लावून घरी.

पहिल्या आठवड्यात टिप सुटली. निघाली ती चक्क पितळी स्क्रूसकट, फिरवून बसवायची टिप. चांगल्या क्यूला चामड्याची टिप फेरूलवर, म्हणजे टोकाच्या त्या पांढऱ्या टोपीवर, चिकटवलेली असते, स्क्रूवाली टिप अगदी स्वस्तातल्या स्टिकला येते. दादाला फोन केला तर म्हणाला शिपिंगमध्ये झालं असेल, मी नवीन लावून देतो, आणि लावून दिली पण. मी परत गप्प. जुलैत पाऊस लागला आणि शाफ्ट वाकायला लागला, तेव्हा म्हणाला पावसाळी हवा आहे, लाकूड आहे ते, वाकणारच. आता हवेतल्या ओलाव्याने लाकूड हलतं हे खरं आहे, उन्हात गाडीच्या डिकीत क्यू ठेवला तरी वाट लागते, पण नीट वाळवलेल्या हार्ड मेपलचा शाफ्ट घरात बॅगेत ठेवून महिनाभरात असा वाकत नाही.

शेवटी उलगडा झाला तो योगायोगाने. दुसऱ्या पार्लरमध्ये एका मुलाकडे त्याच कंपनीचा, तेच मॉडेल असलेला क्यू होता, रीतसर दुकानातून बिलावर घेतलेला. म्हटलं बघू तुझा शाफ्ट माझ्या बटला, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागाला, कसा बसतो. बसलाच नाही. आटेच जुळेनात, त्याच्या बटची पिन, म्हणजे दोन्ही भाग जोडणारा स्क्रू, वेगळी, माझी वेगळी. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलला वेगवेगळी पिन कशी असेल? मी तिथेच खुर्चीवर बसून राहिलो, हात थंड पडले होते.

घरी येऊन आईच्या किचनमधल्या वजनकाट्यावर दोन्ही भाग ठेवले. बटवर १९ औंस छापलेलं, म्हणजे साधारण ५३९ ग्रॅम व्हायला हवं, भरलं ५९२, म्हणजे जवळपास २१ औंस. मग बटवरच्या त्या टोकदार नक्षीवरून नख फिरवलं, एका कोपऱ्याला कड उचलली गेली. खरी नक्षी लाकडात लाकूड बसवून केलेली असते, ही लॅकरखाली चिकटवलेलं स्टिकर. आमच्या इकडच्या एका जुन्या कारागिराला दाखवला, तो टिपा बदलायचं काम करतो, त्याने हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "दोन-अडीच हजाराचा माल आहे."

दादाला भेटलो. आधी हसला, मग म्हणाला मी पण विश्वासाने घेतला होता, मग म्हणाला तू वापरून खराब केलास आणि आता परत द्यायला आलास. त्यानंतर त्या पार्लरमध्ये यायचा बंद झाला, फोन उचलत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला तेव्हा बिल आहे का, विकणारा दुकानदार आहे का हे विचारलं गेलं आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. यूपीआयचा स्क्रीनशॉट आहे तो तिसऱ्याच माणसाच्या नावाचा. पोलिसात अर्ज दिलाय, बघू.

आता नवीन खेळणाऱ्यांना कळकळीने सांगतो, सहा-सात महिन्यांच्या खेळाला लो डिफ्लेक्शन, कार्बन वगैरे काही लागत नाही. लागतो तो फक्त सरळ, टिप धड असलेला आणि रोज तोच एक क्यू. पूलच्या क्यूची लांबी ५७-५८ इंच असते, टिप १२ ते १३ मिमी, वजन १८ ते २१ औंस, त्यातलं १९ किंवा २० घेऊन सुरुवात केली की बहुतेकांना चालून जातं. आणि कोणी स्नूकरचा क्यू गळ्यात मारत असेल तर तोही नको, त्याची टिप ९-१० मिमीची, तो साडेबावन्न मिमीच्या बॉलसाठी असतो, आपला पूलचा बॉल ५७ मिमीचा आणि वजनदार. मी स्वतः आता दुकानातून ४,८०० ला साधा मेपलचा दोन तुकड्यांचा क्यू घेतलाय, बिलासकट, आणि खरं सांगतो त्या चोवीस हजारवाल्यापेक्षा माझे बॉल आता जास्त जातात.

घेताना शाफ्ट आणि बट वेगवेगळे करून प्रत्येकाला एक डोळा मिटून नळीतून बघितल्यासारखं बघा, मग जोडून परत बघा, कारण कधी कधी दोन्ही भाग सरळ असतात आणि जॉइंटच तिरका असतो. टेबलवर लोळवून बघतात सगळे, पण क्यू एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक असल्याने त्यात फसायला होतं, टोक उड्या मारतंय का तेवढं कळतं फक्त. वजन काट्यावर करा, लाजू नका, दुकानदार नाही म्हणाला तर निघा तिथून. ज्या क्यूने खेळून बघितलं तोच क्यू घरी न्या, त्याचा "भाऊ" नको. सीलपॅक असेल तर पैसे देण्याआधी तिथेच फोडायला लावा. ओळखीच्याकडे त्याच कंपनीचा, तेच मॉडेल असलेला क्यू असेल तर शाफ्ट अदलाबदल करून आटे बसतात का बघा, नुसत्या हॉलोग्रामवर जाऊ नका. आणि क्यू ज्याच्याकडून घेताय, पैसे त्याच्याच नावावर द्या.

हे सगळं आज लिहायला बसलो कारण मागच्या शनिवारी एका तिसऱ्याच पार्लरमध्ये गेलो होतो आणि कोपऱ्यातल्या टेबलवर दादा एका कॉलेजच्या मुलाला ब्रिज शिकवत होता, खुर्चीला टेकवून तीच काळी बॅग. मला बघितल्यावर पाच मिनिटांत निघून गेला. मी त्या मुलाला बाहेर चहाच्या टपरीवर नेलं, मोबाइलमधले त्या स्क्रू टिपेचे आणि उचकटलेल्या स्टिकरचे फोटो दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पाच हजार ॲडव्हान्स परवाच दिलाय, भावाच्या नंबरवर. नंबर काढून ताडून बघितला, तोच होता. सोमवारी त्याला घेऊन परत पोलीस चौकीत जाणार आहे, एकाच नंबरवर पैसे दिलेले आता आम्ही दोघे झालोय, अजून कोणी असेल तर प्लीज सांगा.