नवी पेठेत बनवून घेतलेली मेनूवाली इन्स्टॉल डिस्क, ५ पैकी ४ स्टार

आमचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, मी तिथं अकाउंट्स बघते. ऑफिसात ७ कॉम्प्युटर, त्यातले २ अजून विंडोज एक्सपीवरच आहेत कारण जुना लेबल प्रिंटर दुसऱ्या कशावर चालेना झालाय. दोन-तीन महिन्याला कुठलं तरी एक मशीन फॉरमॅट होतंच, मग ड्रायव्हर, मराठी टायपिंग, पीडीएफ, झिप सगळं एकेक शोधून टाकायचं, अख्खा दिवस त्यातच जातो. म्हणून नवी पेठेतल्या एका बोळातल्या कॉम्प्युटरवाल्या भाऊंकडून सगळं एका डीव्हीडीत घालून घेतलं, ६०० रुपये. पहिल्या डिस्कमध्ये चूक निघाली होती म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही.

मी आधी पेनड्राइव्हवर मागितलं होतं, तर ते म्हणाले, "ताई, विंडोज सातपासनं पेनड्राइव्हचं ऑटोरन, म्हणजे घातलं की आपोआप सुरू होणं, चालतच नाही, एक्सपीला पण २०११ च्या अपडेटनं बंद केलंय, व्हायरस त्यातनंच पसरायचे ओ." आणि डीव्हीडी-आर एकदा राइट होऊन बंद केली की त्यात नंतर काही घुसत नाही, आमच्याकडं तर पेनड्राइव्ह चार हातातनं फिरतो, ते पटलं मला.

डिस्क टाकली की एक्सपीवर काळी खिडकी आपोआप उघडते, विंडोज सात आणि दहावर आधी विचारतं चालवू का म्हणून, हो म्हणायचं. मग १ ते ८ यादी, नंबर दाबून एंटर. काळ्या खिडकीत देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात म्हणून त्यांनी मराठीच इंग्रजी अक्षरात लिहिलंय, आमचा स्टोअरचा पोरगा पण आता स्वतः इन्स्टॉल करतो. मला सगळ्यात आवडलं ते हे की एक सॉफ्टवेअर पूर्ण बसेपर्यंत मेनू थांबतो आणि मग परत यादी दाखवतो, नाहीतर एकावर एक चार सेटअप उघडून गोंधळ होतो.

आता चूक. पहिल्या डिस्कमध्ये सगळे पाथ, म्हणजे फाईल कुठं आहे ते पत्ते, डी ड्राइव्हचे लिहिले होते. त्यांच्या दुकानात डीव्हीडी डी असेल, आमच्या निम्म्या मशीनवर हार्डडिस्कचेच दोन भाग आहेत म्हणून डीव्हीडी ई नाहीतर एफ, मग कुठलाही नंबर दाबा, पाथ सापडत नाही एवढंच. शिवाय एक्सपीवर नंबर विचारून घेणारी चॉइस कमांडच नसते, तिथं मेनू दिसायचा पण नंबर घ्यायचा नाही. दोन दिवस काम अडलं, जीएसटीची तारीख तोंडावर, मी खरंच चिडले होते.

परत घेऊन गेले तर भाऊंनी वाद घातला नाही, माझ्यासमोर मेनूची बॅट फाईल (कमांड लिहिलेली साधी फाईल) उघडली आणि डी च्या जागी टक्का टिल्डा डी पी शून्य (%~dp0) असं टाकलं, त्यानं बॅट फाईल जिथं असेल तो ड्राइव्ह आणि फोल्डर आपोआप धरला जातो, अॅडमिन म्हणून चालवलं तरी. चॉइस काढून सेट पी (set /p) ही कमांड घातली, ती एक्सपीवर पण चालते. नवीन डिस्क फुकट दिली, ७ च्या ७ मशीनवर चालली.

एक स्टार कापला कारण नंबर न देता नुसतं एंटर दाबलं की खिडकी धाडकन बंद होते, परत डिस्क काढून घाला. फाईलमध्ये अवतरण चिन्ह घालायचं राहिलंय म्हणे, पुढच्या डिस्कला करून देणार आहेत.

तुम्ही करून घेणार असाल तर घरी न्यायच्या आधी दुकानातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा, आणि तुमच्याकडं कुठलं कुठलं विंडोज आहे ते कागदावर लिहून न्या, मी नेलं नव्हतं.