चौदावा मजला आणि दोन महिन्यांचं पिल्लू: खाली न्यायचं, पॅड घ्यायचं की मोरी दाखवायची?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या टॉवरमध्ये सकाळी साडेआठला लिफ्ट चौदाव्या मजल्यावर यायला पाच मिनिटं लागतात. आमच्या दोन महिन्यांच्या शिह-त्झू जातीच्या कुत्र्याला, बटूला, पाच मिनिटं म्हणजे फार झाली. बटूनं पहिल्याच आठवड्यात दोनदा लिफ्टमध्येच शू केली. दुसऱ्यांदा सोबत सोसायटीचे सेक्रेटरी होते.

माझ्या नणंदेकडे कोपरखैरण्याला सिडकोचं बैठं घर आहे. तिच्या डॅशहुंड कुत्र्याचं शू-शीचं प्रशिक्षण म्हणजे दार उघडणं आणि चार पावलं चालणं. दीड महिन्यात ती मोकळी झाली आणि तेव्हापासून मला सल्ले देतेय. म्हणून आधीच सांगते, कुत्र्याच्या जातीपेक्षा तुमचं दार जमिनीपासून किती लांब आहे ते बघा.

पिल्लू साधारण जितक्या महिन्यांचं, तितके तास शू धरतं. हा ढोबळ हिशेब झाला. लहान जातीचं मूत्राशयही लहान, त्यामुळे जागेपणी त्याहून कमीच धरा. झोपून उठल्यावर, खाऊन झाल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच न्यायचं. ही तीन वेळांची शिस्त कुठलीही पद्धत घेतलीत तरी सुटत नाही.

खाली नेणं. सवय एकदा लागली की सगळ्यात स्वच्छ पद्धत हीच. घरात वास नाही, पिल्लाला चार माणसं, चार आवाज ओळखीचे होतात. अडचण सुरुवातीच्या दोन महिन्यांची आहे. लसींचा कोर्स साधारण चार महिन्यांच्या वयापर्यंत चालतो. तोवर भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लू सोडणं धोक्याचं, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. नणंदेला फरसबंद, फाटकबंद अंगण होतं म्हणून तिचं निभावलं. आमच्या सोसायटीची बाग सगळ्यांची, म्हणजे मांजरांची आणि उंदरांचीही.

त्यात ठाण्याचा पाऊस. बटू मे महिन्यात आला, म्हणजे लसी संपल्या तेव्हा ऐन जुलै. इतक्या बुटक्या कुत्र्याचं पोट ओल्या गवताला टेकतं, मग ते दारातच पाय रोवून बसतं. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो तो वेगळाच. त्याची लस असते, डॉक्टरांना आठवणीनं विचारा.

पॅड, म्हणजे शू शोषून घेणारा, वापरून फेकायचा मऊ चौकोन. पहिल्या रात्री याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण एक पॅड वीस-तीस रुपयांना पडतं आणि दिवसाला चार लागले की महिन्याला अडीच ते साडेतीन हजार जातात. वापरलेलं पॅड ओल्या कचऱ्यात टाकता येत नाही, डायपरसारखं गुंडाळून वेगळं द्यावं लागतं. पैशांचं एक वेळ सोडा. पायाखाली काय लागतं त्यावरून पिल्लू जागा ओळखायला शिकतं. पॅड मऊ, पायपुसणंही मऊ, सासूबाईंनी हातानं विणलेला गालिचाही मऊ. बटूच्या लेखी तिन्ही एकच. रद्दीचं तेच. आमच्या एका शेजाऱ्यांचं पॉमेरियन पेपरवर शिकलं आणि आता काकांनी रविवारची पुरवणी जमिनीवर ठेवायची सोय राहिली नाही.

मोरी. हा पर्याय मला कुणीच सुचवला नव्हता. ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत, फरशी होती, उतार होता, जाळी होती, नळ होता. शू लागलेल्या पॅडचा एक तुकडा जाळीजवळ ठेवला, तीनही वेळा बटूला तिथेच नेलं आणि काम झाल्याझाल्या, तिथल्या तिथे, उकडलेल्या चिकनचा कण दिला. दोन मिनिटांनी दिलेल्या खाऊचा आणि शूचा संबंध त्याला लागत नाही. तीन आठवड्यांत तो स्वतःहून जायला लागला, अधूनमधून चुकत. पूर्ण भरवसा मात्र तो आठ महिन्यांचा झाल्यावर आला. लहान जातींना वेळ लागतोच. नर पाय वर करायला लागला की पॅडबाहेर धार जाते, मोरीत भिंत धुतली की झालं.

मोरीची अट एकच, काळं फिनाईल बंद. ते पायाला लागतं, पाय चाटले जातात आणि ते विषारी असतं. अमोनियाच्या वासाचं क्लीनरही नको, मूत्राचाच वास समजून पिल्लू परत तिथे जातं. घरात चुकून झालेल्या जागेला एन्झाइम क्लीनर, म्हणजे मूत्राचा वास मुळापासून घालवणारं, वापरा. आणि आमच्या आईसारखं कुणी ‘नाक घास त्यात’ म्हणालं तर हो म्हणा आणि करू नका. त्यानं पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही, सोफ्यामागे करायची.

तळमजला किंवा रो हाऊस असेल आणि स्वतःचं अंगण असेल तर थेट बाहेर. पाचव्या मजल्याच्या वर असाल किंवा दोघंही ऑफिसला जात असाल तर मोरी, आणि लसी झाल्यावर सकाळ-संध्याकाळ खाली फिरवणं. मोरीला जागाच नसेल तर पॅड घ्या, पण प्लॅस्टिकच्या जाळीच्या ट्रेमध्ये, म्हणजे पायाला जाळी लागते, कापड नाही.

मोरीचा तोटा आम्हाला दिवाळीत कळला. कोपरखैरण्याला बटू तीन तास अंगणात शहाण्यासारखा हुंगत फिरला आणि आत येऊन बाथरूमच्या बंद दाराशी रडायला लागला. आत नणंदेचे यजमान अभ्यंगस्नान करत होते.